पहिल्या प्रतिनिधीचा दस्तूर

सन्माननीय श्री. मारोतराव कोवासे, सदस्य, लोकसभा, यांस



ज्या मतदारसंघाचे आपण लोकसभेत प्रतिनिधित्व करता, तो दोन वर्षांपूर्वी अस्तित्वातच नव्हता. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील परिसीमन आयोगाने 2001 च्या जनगणनेचे आकडे समोर ठेवून महाराष्ट्रातील अठ्ठेचाळीस मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखल्या, 19 फेब्रुवारी 2008 पासून त्या अमलात आल्या, आणि यंदाच्या 16 एप्रिलला आम्ही मतदारांनी ‘गडचिरोली-चिमूर’ या नावाने आपला पहिला प्रतिनिधी निवडून दिल्लीस पाठविला. अभिनंदनाची पत्रे आपणांस पुष्कळ आली असतील. वैनगंगेच्या अलीकडच्या, ब्रह्मपुरीच्या बाजूच्या एका सामान्य मतदाराचे हे पत्र निराळ्या हेतूने लिहिले आहे, आणि ज्या गोष्टीविषयी ते आहे ती आपल्या एकट्याची नसून या साऱ्या मुलखाची असल्यामुळे ते उघडपणे लिहिणेच मला उचित वाटले.

जुन्या मतदारसंघातून निवडून येणाऱ्या माणसाला काही गोष्टी आयत्या मिळतात: पूर्वीच्या प्रतिनिधीने कोठे कचेरी ठेवली, कोणत्या गावी तो वर्षातून किती वेळा गेला, कोणत्या प्रश्नाचे दप्तर त्याने कोठवर नेऊन ठेवले, हे सारे त्याच्यापुढे मांडून ठेवलेले असते, आणि त्याने ते मोडायचे म्हटले तरी लोक त्याला त्याची आठवण करून देतात. आपल्यामागे असे कोणी नाही. या मतदारसंघात खासदाराने कसे वागावे याचा जो दस्तूर पडेल तो आपणच पाडाल, आणि आपल्यानंतर येणारे, ते कोणत्याही पक्षाचे असोत, त्यांच्याकडून लोक तेवढीच अपेक्षा करतील जेवढी आपण त्यांना करावयास शिकविली असेल. मला जे मागावयाचे आहे ते सर्व या एका गोष्टीतून निघते.

हा मतदारसंघ असा का झाला, याचे कारण गणितात आहे. राज्याची लोकसंख्या अठ्ठेचाळीस जागांत वाटली म्हणजे एकेका जागेच्या वाट्यास सुमारे वीस लाख माणसे येतात, आणि 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपुरातून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा 14,412 चौरस किलोमीटरांचा असूनही 2001 साली त्यात साडेनऊ लाखांहून थोडीच अधिक वस्ती होती. जिल्हा झाल्यावरही पाव शतक लोकसभेच्या नकाशावर गडचिरोलीचे नाव नव्हते, ते आता आले. परंतु निम्म्याने भरलेले माप पुरे करण्यासाठी आरमोरी, गडचिरोली आणि अहेरी या तीन विधानसभा क्षेत्रांना चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर व ब्रह्मपुरी आणि गोंदिया जिल्ह्यातील आमगाव अशी आणखी तीन क्षेत्रे जोडावी लागली. ज्या कायद्यान्वये आयोगाने हे काम केले, त्या 2002 च्या परिसीमन अधिनियमाचे नववे कलम सांगते की, मतदारसंघ शक्य तेथवर भौगोलिकदृष्ट्या सलग व आटोपशीर असावेत आणि ते आखताना नैसर्गिक रचना, प्रशासकीय घटकांच्या विद्यमान सीमा, दळणवळणाच्या सोयी व जनतेची सुविधा यांचा विचार व्हावा. कलम उत्तम आहे. मात्र जेथे वस्ती विरळ आणि अरण्य दाट, तेथे डोक्यांची समता आणि जनतेची सुविधा या दोहोंची गाठ पडत नाही, आणि अशा वेळी संविधानाने समतेकडे झुकावयास सांगितले आहे. ते योग्यच आहे. भामरागडच्या मताचे वजन मुंबईच्या मताहून कमी वा अधिक असावे असे कोणीही न्यायबुद्धीचा मनुष्य म्हणणार नाही. मात्र मुंबईच्या सहा खासदारांच्या वाट्यास मिळून सुमारे सहाशे चौरस किलोमीटरांचा मुलूख येतो आणि आपल्या एकट्याच्या वाट्यास एका जिल्ह्यातच त्याच्या वीसपटींहून अधिक, ही गोष्टही विसरता येत नाही. मताचे वजन सारखे झाले, तरी त्या मतामागच्या माणसाला आपल्या प्रतिनिधीपर्यंत पोहोचण्यासाठी करावी लागणारी पायपीट सारखी झाली नाही, आणि ती सारखी करण्याचा अधिकार कोणत्याही आयोगास नाही. तो आपणांस आहे.

सालेकशाहून सिरोंच्याला जावयाचे म्हणजे तीनशे किलोमीटरांहून अधिक मजल. या मजलेच्या एका टोकाशी, आमगाव-सालेकशाला, मुंबई-हावड्याचा लोहमार्ग आहे आणि देवरीवरून कलकत्त्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग अहोरात्र वाहतो. पुढे मात्र साऱ्या गडचिरोली जिल्ह्यात देसाईगंज, ज्याला आम्ही वडसा म्हणतो, एवढे एकच रेल्वे स्थानक, आणि तेही जिल्ह्याच्या अगदी उत्तर सीमेवर. वडसा ते गडचिरोली हा लोहमार्ग व्हावा ही मागणी इतकी न्याय्य आहे की तिच्यासाठी युक्तिवाद करणेही मला नको वाटते. आलापल्लीच्या पुढे अरण्य दाटत जाते, आणि भामरागडास पोहोचावे तर पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांच्या संगमावर वसलेले ते तहसिलीचे गाव पावसाळ्यात पर्लकोटेचा पूल पाण्याखाली गेला की दिवस-दिवस जगापासून तुटलेले. त्याच्याही पलीकडे लाहेरी, आणि लाहेरीच्या पलीकडे डोंगरावरची माडिया आदिवासींची गावे. दक्षिणेस सिरोंचा, जेथे इंग्रजी अमदानीत एके काळी जिल्ह्याचे ठाणे होते आणि जेथला माणूस आज बाजारासाठी, दवाखान्यासाठी, सोयरिकीसाठी प्राणहितेच्या पार आंध्राकडे पाहतो; घरात तेलुगू बोलतो, कचेरीत मराठी. त्याच्या दृष्टीने गडचिरोलीच मुळी दोनशे किलोमीटरांवर, मग चिमूर कोठे आणि आमगाव कोठे!

या माणसाने आपल्याला भेटावयाचे कोठे? मला वाटते, या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच वर्षात ठरून गेले पाहिजे. खासदाराची कचेरी गडचिरोलीस असावी हे स्वाभाविक आहे, परंतु ती तेवढ्यावर थांबली तर या मतदारसंघाची दोन्ही टोके कायमची वाळीत पडल्यासारखी होतील. माझी पहिली विनंती अशी की, आपली कचेरी फिरती असावी. वर्षातून ठरलेल्या तारखांना, आगाऊ दवंडी पिटून, सिरोंचा, भामरागड, एटापल्ली, कोरची, सालेकसा आणि चिमूर येथे आपण स्वतः दोन-दोन दिवस बसावे, आणि ती बैठक सत्काराची वा सभेची नसून गाऱ्हाणी ऐकण्याची असावी. आलेल्या प्रत्येक अर्जाची नोंद एका वहीत व्हावी आणि पुढच्या बैठकीत त्या वहीची रुजवात त्याच लोकांसमोर व्हावी. उत्तर नकाराचे असले तरी चालेल. आमच्याकडील लोकांना नकाराची सवय आहे. उत्तरच न मिळण्याचीही सवय झाली आहे, ती मोडावयाची आहे.

त्या बैठकीत जी भाषा चालेल तीही महत्त्वाची. गडचिरोलीच्या अरण्यातील स्त्री आपले गाऱ्हाणे माडियात सांगते, कोरची-कुरखेड्याकडे गोंडीत वा छत्तीसगढीत, सिरोंच्यात तेलुगूत, मुलचेरा व चामोर्शी तालुक्यांतील वसाहतींत बंगालीत, आणि आमच्या वैनगंगेच्या काठी झाडीबोलीत. मधल्या माणसाच्या तोंडून गाऱ्हाणे पोहोचले की ते निम्मे होते, आणि तो मधला माणूस जर गाऱ्हाण्याशीच संबंधित कंत्राटदार वा शिपाई असला तर ते पोहोचतच नाही. म्हणून आपल्या कचेरीत माडिया व तेलुगू जाणणारा निदान एकेक मनुष्य असावा. शिवाय, लाखो लोक बोलत असूनही गोंडी आजतागायत संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नाही. ती तेथे यावी ही मागणी गडचिरोली-चिमूरच्या खासदाराने करू नये तर कोणी करावी?

ही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव झाली, याविषयी आमच्या ब्रह्मपुरी-चिमूरच्या बाजूस काही ठिकाणी नाराजीचा सूर निघाला, हे आपल्या कानी आलेच असेल. मी त्या सुरात सूर मिळविणारा नाही. राज्यात अशा चारच जागा आहेत, नंदुरबार, दिंडोरी, पालघर आणि ही. आणि विदर्भाच्या पूर्वेकडील एवढ्या विस्तीर्ण आदिवासी मुलखाला इतकी वर्षे आपल्या नावाची एकही जागा नसावी हाच खरा अन्याय होता. तरी या मुलखाने पूर्वी एक अनुभव घेतला आहे, तो मी येथे नोंदवितो. 1962 साली जुन्या चांदा मतदारसंघातून लाल श्यामशाह हे आदिवासी पुढारी अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून गेले आणि मुदत पुरी होण्याआधीच राजीनामा देऊन परत आले. आदिवासींच्या जमिनीचा आणि अरण्याचा प्रश्न ज्या सभागृहात ऐकला जात नाही तेथे बसणे त्यांना मानवले नाही. पुढे इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम येथील नियोजित धरणांविरुद्ध बाबा आमट्यांसारख्यांच्या सोबतीने हा मुलूख उठला तेव्हा ते पुन्हा लोकांत उभे होते. त्यांच्या राजीनाम्याबद्दल मला अतीव आदर आहे. पण मला असेही वाटत आले आहे की, त्या काळी त्यांच्या पाठीशी एखादा एकसंध मतदारसंघ असता, तर त्या सभागृहाला त्यांचे ऐकावे लागले असते. आज तसा मतदारसंघ आहे. लाल श्यामशाहांनी जी जागा रिकामी केली तिचे ऋण आपल्यावर आहे असे मी म्हटले, तर ती अतिशयोक्ती समजू नये.

आणि ते ऋण फेडण्याचे ठिकाणही समोरच आहे. वनहक्कांचा कायदा 2006 साली झाला, त्याचे नियम 2008 च्या आरंभापासून लागू झाले, आणि याच वर्षी धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) व त्याच्या शेजारचे मर्दा या गावांचा सामूहिक वनहक्क मान्य झाला. साऱ्या देशात हा मान प्रथम मिळविणारी गावे आपल्या मतदारसंघातील आहेत, याचा आम्हांला अभिमान आहे. पण मेंढ्याच्या यशामागे पंचवीस-तीस वर्षांचा ग्रामसभेचा अभ्यास, देवाजी तोफांसारखे कार्यकर्ते आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे सोबती आहेत, आणि ज्या शेकडो गावांना असे कोणी लाभले नाही त्यांचे काय होणार, ही चिंता त्या अभिमानाहून मोठी आहे. तहसिलीत दावे पडून राहतात. कोठे नकाशा नाही, कोठे निस्तारपत्रक सापडत नाही, कोठे पुरावा अपुरा म्हणून अर्ज फेटाळला जातो, आणि ज्या कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या त्या रानात मोहफुले वेचली त्याच्यापाशी कागद तो कोठला असणार? मालगुजारी आणि जमीनदारी गेली, निस्ताराचा, म्हणजे घरगुती गरजेपुरते लाकूडफाटा रानातून घेण्याचा, हक्क मात्र सरकारी मेहेरबानीवर राहिला, ही आमच्या मुलखाची जुनी कैफियत आहे.

यातच बांबूचा प्रश्न आहे, आणि तो मी मुद्दाम वेगळा काढतो, कारण येत्या काही वर्षांत तोच आपल्यापुढे सर्वांत निकडीने येणार असे माझे मत आहे. नव्या कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले आहे, म्हणजे ग्रामसभेस तो तोडण्याचा व विकण्याचा हक्क आहे. पण 1927 च्या भारतीय वन अधिनियमाच्या व्याख्येत बांबू झाड आहे, आणि वनखात्याचा कारभार पिढ्यान्‌पिढ्या त्याच व्याख्येवर चालत आला आहे. उद्या एखाद्या गावाने आपल्या हक्काचा बांबू कापून बाजारात न्यावयाचे ठरविले आणि वाहतुकीच्या परवान्यासाठी अर्ज केला, तर त्याला परवाना मिळेल की गुन्ह्याची नोटीस? ज्या जिल्ह्याचा तीन-चतुर्थांश भाग अरण्य आहे आणि जेथील बांबू कागदाच्या गिरण्यांना दीर्घकाळ पुरविला गेला, तेथे या प्रश्नाच्या उत्तरावर हजारो घरांची गुजराण अवलंबून आहे. तेंदूच्या हंगामात मे महिन्याच्या उन्हात पुडे बांधून फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेणाऱ्या मजुराला पंधरा-वीस दिवसांचेच काम मिळते; बांबू त्याला वर्षातले कितीतरी महिने काम देऊ शकेल. हा वाद गावाने आणि वनपालाने नाक्यावर लढविण्याआधी आपण तो संसदेत उपस्थित करून केंद्र सरकारकडून स्पष्ट हुकूम मिळवावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

आता ज्या गोष्टीवाचून गडचिरोलीचे नाव दिल्लीच्या वर्तमानपत्रांत क्वचितच येते, तिच्याकडे वळणे भाग आहे. या एका वर्षात फेब्रुवारीत मरकेगावला पंधरा, मे महिन्यात हत्तीगोट्याला सोळा आणि ऑक्टोबरात, विधानसभेच्या मतदानाला पाच दिवस उरले असताना, लाहेरीजवळ सतरा पोलीस मारले गेले. नक्षलवाद्यांच्या गोळ्यांनी पडलेल्या या जवानांच्या घरच्यांचा विचार मनात आला की लेखणी थबकते. आणि ज्यांची नावे छापून येत नाहीत, असे खबऱ्या ठरवून रात्री घरातून नेलेले गावकरी, आणि दोन्ही बाजूंनी संशयाने पाहिले जाणारे तरुण, हेही आपलेच मतदार आहेत. ज्या भागात मतदान दुपारी तीनलाच थांबविले जाते आणि यंत्रे हेलिकॉप्टरने न्यावी लागतात, त्या भागातल्या बाईने डोंगर उतरून येऊन दिलेल्या मताची किंमत मी शब्दांत सांगू शकत नाही. तिने आपल्यावर जो विश्वास टाकला तो बंदोबस्ताच्या मागणीने फिटणारा नव्हे. बंदोबस्त हवाच, पण त्याबरोबर लाहेरीच्या आरोग्यकेंद्रात वैद्य आहे का, आश्रमशाळेत मास्तर टिकतो का, रोजगार हमीची मजुरी किती महिन्यांनी हाती पडते, हे प्रश्न आपण सभागृहात तितक्याच कळकळीने विचारले पाहिजेत. शासनाचे पाऊल जेथे पोचले नाही तेथे 1973 सालापासून हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प उभा आहे, आणि नवजात अर्भकांचे मृत्यू गावातल्याच साध्या स्त्रियांना शिकवून कसे कमी करता येतात हे बंग दांपत्याने शोधग्रामातून जगाला दाखविले आहे. तेव्हा येथे काही करता येत नाही असे म्हणण्याची सोय आता कोणालाच उरलेली नाही.

आमच्या बाजूचेही थोडे सांगितले पाहिजे, नाहीतर चिमूरकर मला क्षमा करणार नाहीत. 16 ऑगस्ट 1942 रोजी तुकडोजी महाराजांच्या भजनांनी पेटलेले चिमूर गाव उठले, आणि त्यानंतर तेथील स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांच्या चौकशीसाठी प्राध्यापक भन्साळींनी त्रेसष्ट दिवस अन्न वर्ज्य केले. त्याच्या ऐंशीहून अधिक वर्षे आधी, 1858 साली, इंग्रजांविरुद्ध उठलेले अहेरीकडच्या मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके चांद्याला फाशी गेले होते. या दोन स्मृती आजवर दोन वेगळ्या मतदारसंघांत, दोन वेगळ्या समाजांच्या म्हणून सांगितल्या गेल्या. आता त्या एकाच मतदारसंघाच्या आहेत, आणि चिमूरच्या मुलाला शेडमाके व अहेरीच्या मुलाला भन्साळी ठाऊक असावेत असे मला मनापासून वाटते. तसे पाहिले तर आयोगाच्या आधीही या मुलखाला एकत्र बांधणारी एक गोष्ट होतीच: दिवाळीनंतर मंडया भरू लागल्या, शंकरपट सुरू झाले की वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव जातात आणि ब्रह्मपुरीपासून कुरखेड्यापर्यंतचा माणूस थंडीत रात्रभर त्याच पडद्यासमोर बसलेला असतो. आमच्या मागण्या ठाऊक असलेल्याच आहेत: 1988 साली पायाभरणी झालेल्या गोसीखुर्दचे पाणी धानाच्या बांधीपर्यंत यावे आणि गावोगावचे मामा (माजी मालगुजारी) तलाव गाळ काढून पुन्हा भरावेत. त्या खऱ्या आहेत. तथापि, स्थानिक विकासासाठी वर्षाला मिळणाऱ्या दोन कोटींच्या निधीची वाटणी करताना आमच्या बाजूची तालेवार गावे मोठ्याने मागतील आणि भामरागड मुळीच मागणार नाही, हे ध्यानी असू द्यावे. न मागणाऱ्याला आधी द्यावे, असे आमच्यातल्याच एका मतदाराने लिहून दिले आहे, हे आपण हवे तर दाखवू शकता.

शेवटची विनंती दप्तराविषयी आहे. चौऱ्याऐंशीव्या घटनादुरुस्तीप्रमाणे 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लोकसभेच्या या हद्दी कायम राहतील. म्हणजे आज शाळेत जाणारी पिढी याच मतदारसंघात मतदार होऊन प्रौढ होईल, आणि मग एखादा नवा आयोग येऊन पुन्हा नकाशा उलगडील. त्या आयोगापुढे आम्ही काय ठेवणार? भावना ठेवून भागणार नाही. सिरोंच्याच्या माणसाला आपल्या खासदाराला भेटण्यास किती दिवस मोडले, पावसाळ्यात किती गावे किती काळ तुटली, कोणत्या तहसिलीतून किती अर्ज आले आणि किती निकाली निघाले, याची वर्षानुवर्षांची नोंद ठेवली पाहिजे, आणि ती वही आपण आपल्या पक्षाच्या नव्हे तर या जागेच्या मालकीची समजून आपल्यामागून येणाऱ्याच्या स्वाधीन केली पाहिजे. सीमा बदलाव्यात की राहाव्यात, हे त्या वहीवरून ठरविता येईल.

मळण्या आता उरकत आल्या आहेत, तेंदूच्या हंगामाला चार महिने अवकाश आहे, आणि संसदेचे अर्थसंकल्पी अधिवेशन फेब्रुवारीत सुरू होण्याआधी जानेवारीचे काही दिवस आपल्या हाती असतील. त्या दिवसांत नद्यांना उतार असतो आणि लाहेरीपर्यंत जीप जाते. पहिली बैठक तेथेच घ्यावी. तारीख कळविल्यास वडशाहून येण्यासारखे आमच्यापैकी पुष्कळ जण आहेत आणि अर्ज लिहून देण्याचे काम आम्ही आनंदाने करू.

आपला,
ब्रह्मपुरी विधानसभा क्षेत्रातील एक मतदार

डिसेंबर 2009